‘आपले’ आणि ‘त्यांचे’ : अतिरेकी विचार मुलांना का ओढतात?

दुसऱ्या महायुद्धाचा भाग शिकवून होतो. नाझींच्या छळछावण्या, सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या, हे सारे सांगून होते. मग वर्गातला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “पण बाई, बाकीचे लोक तेव्हा काय करत होते? त्यांना हे दिसत नव्हतं का?”

या प्रश्नाला आपण बहुधा दोनपैकी एक उत्तर देतो. एक, ती माणसे दुष्ट होती. दोन, हिटलरने त्यांना भुरळ घातली. दोन्ही उत्तरे ऐकून मुलांचे समाधान होते, आणि तीच त्यातली अडचण आहे. कारण या दोन्ही उत्तरांतून मुले एकच गोष्ट शिकतात : हे दुसरीकडे घडले, दुसऱ्या जातीच्या माणसांकडून घडले, आपण असे नाही. आपल्या वर्गातल्या मुलाला उद्या कोणी अशाच वाटेवर बोलावले, तर ती वाट त्याला ओळखता येईल का? दुष्टांचा अड्डा म्हणून कोणी कोणाला बोलावत नाही. बोलावणे येते ते मैत्रीचे, पराक्रमाचे, अन्याय दूर करण्याचे.

म्हणून अतिरेकी विचारांबद्दल शिकवताना केवळ त्यांचे दुष्परिणाम सांगून भागत नाही. त्यांत ओढून घेणारे काय असते, तेही सांगावे लागते. विजेच्या तारेला हात लावू नये, एवढे सांगून आपण थांबत नाही. धक्का का बसतो, हेही शिकवतो. तसेच हे.

पालो अल्टोमधले पाच दिवस

अगदी हाच प्रश्न १९६७ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या पालो अल्टो गावी, कबरली हायस्कूलच्या एका वर्गात निघाला. रॉन जोन्स हे तिथले इतिहासाचे तरुण शिक्षक. ‘जर्मन लोकांना काहीच कसे माहीत नव्हते?’ या प्रश्नाचे उत्तर शब्दांत देण्याऐवजी अनुभवातून द्यावे, असे त्यांना वाटले. नंतर त्यांनी स्वतः लिहिलेल्या हकिगतीप्रमाणे पुढचे पाच दिवस असे गेले.

सोमवार. विषय शिस्तीचा. फळ्यावर घोषवाक्य : शिस्तीतून सामर्थ्य. पाठ ताठ ठेवून, पावले जमिनीला टेकवून कसे बसायचे, याचा सराव झाला. वर्गाबाहेरून येऊन काही सेकंदांत आवाज न करता जागेवर बसण्याचा सराव झाला. उत्तर द्यायचे ते उठून उभे राहून, ‘मिस्टर जोन्स’ असे संबोधून आणि मोजक्या दोन-तीन शब्दांत. जोन्स यांची अपेक्षा होती की मुले कुरकुर करतील. झाले उलटेच. एरवी गप्प बसणारी मुले उत्तरे देऊ लागली. उत्तरे नेमकी येऊ लागली. वर्गात उत्साह आला.

मंगळवार. एकजुटीतून सामर्थ्य. चळवळीला नाव मिळाले, ‘तिसरी लाट’. समुद्रात फळी घेऊन लाटांवर स्वार होणाऱ्यांत अशी समजूत आहे की ओळीने येणाऱ्या लाटांमध्ये तिसरी लाट सर्वांत जोरकस असते. त्यावरून हे नाव. हात वाकवून करायचा एक खास नमस्कारही ठरला. तो फक्त सभासदांनी एकमेकांना करायचा.

बुधवार. कृतीतून सामर्थ्य. सभासदांना कार्डे वाटली. काही कार्डांवर फुली होती. ज्याला फुलीचे कार्ड मिळेल त्याने नियम मोडणाऱ्यांची नावे शिक्षकांना कळवायची. हे काम त्यांनी तिघांना दिले होते, प्रत्यक्षात सुमारे वीस जण चुगल्या घेऊन आले. तीस मुलांचा वर्ग एव्हाना त्रेचाळीसांचा झाला होता, कारण इतर वर्गांतली मुले आपले तास बुडवून येऊन बसत होती. दिवस संपेपर्यंत सभासद दोनशेच्या वर गेले.

गुरुवार. अभिमानातून सामर्थ्य. प्रकरण हाताबाहेर जात आहे हे जोन्स यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी मुलांना सांगितले की ही केवळ आपल्या शाळेपुरती गोष्ट नाही, देशभर अशी चळवळ उभी राहत आहे. उद्या दुपारी दूरचित्रवाणीवरून तिच्या नेत्याची घोषणा होईल. मुलांनी विश्वास ठेवला.

शुक्रवार. सभागृहात दोनशेहून अधिक मुले ताठ बसली होती. दूरचित्रवाणी संच सुरू केला. पडद्यावर काहीच नव्हते. काही मिनिटांनी जोन्स यांनी सांगितले की चळवळ नाही, नेताही नाही. “तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच दिले आहे,” असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यानंतर त्यांनी नाझी राजवटीवरचा चित्रपट दाखवला.

या हकिगतीतला एक मुलगा विशेष लक्षात राहतो. अभ्यासात मागे, मित्र नाहीत, डबा एकट्याने खाणारा. ‘तिसऱ्या लाटे’त पहिल्यांदाच तो बाकीच्यांच्या बरोबरीचा झाला. तो आपणहोऊन शिक्षकांचा अंगरक्षक बनला. शुक्रवारी सगळे संपले तेव्हा तो रडला, असे जोन्स लिहितात. सर्वांत जास्त मिळाले होते त्याला, आणि सर्वांत जास्त गेलेही त्याचेच.

याला प्रयोग म्हणावे का?

विज्ञानाच्या शिक्षकाने इथे जरा थांबायला हवे. ही हकीगत जगभर ‘प्रयोग’ म्हणून सांगितली जाते. तिच्यावर १९८१ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीपट आणि कादंबरी झाली, २००८ साली जर्मनीत चित्रपट निघाला. पण विज्ञानाच्या अर्थाने हा प्रयोग नव्हे. तुलनेसाठी दुसरा वर्ग नव्हता. कोणतीही मोजणी नव्हती. तपशीलवार हकीगत जोन्स यांनी जवळजवळ नऊ वर्षांनी, १९७६ साली प्रसिद्ध केली. शाळेच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात त्या वेळी याची थोडी नोंद आली होती आणि पुढे काही विद्यार्थ्यांनीही आठवणी सांगितल्या. तेव्हा असे काही घडले, हे नक्की. पण त्यातला प्रत्येक आकडा मोजमापासारखा धरता येत नाही.

शिवाय मुलांना व पालकांना न सांगता पाच दिवस फसवणे, त्यांना एकमेकांच्या चुगल्या करायला लावणे, हे आजच्या कोणत्याही नैतिक कसोटीला उतरणार नाही. म्हणून ‘तिसरी लाट’ वर्गात वाचावी, तिच्यावर चर्चा करावी, पण ती पुन्हा करून पाहू नये.

मग माणसाच्या या वागण्याबद्दल अधिक भरवशाचे काय ठाऊक आहे? तीन प्रयोग पाहू.

रेषा, ठिपके आणि छावणी

पहिला प्रयोग सॉलोमन ॲश यांचा, १९५१ सालचा. काही तरुणांना एका खोलीत बसवून एक रेषा दाखवली जाई. शेजारी तीन रेषा. त्यांतली कोणती पहिल्या रेषेइतक्या लांबीची, एवढेच सांगायचे. उत्तर अगदी उघड. पण खोलीतला एकच जण खरा परीक्षार्थी, बाकीचे सगळे ॲश यांनी आधी शिकवून ठेवलेले. ते ठरल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. मग पाळी येई ती खऱ्या परीक्षार्थ्याची. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एकतृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीच्या उत्तराकडे झुकली. एकट्याने उत्तर देताना माणसे क्वचितच चुकत. तिघा-चौघांपैकी एक जण मात्र शेवटपर्यंत एकदाही झुकला नाही.

पाठ्यपुस्तकांत बहुधा इथेच पूर्णविराम येतो. आपल्या कामाचे पुढेच आहे. ॲश यांनी खोलीत खरे उत्तर देणारा फक्त एक साथीदार ठेवला, तेव्हा गटामागे जाऊन दिलेल्या चुकीच्या उत्तरांचे प्रमाण घसरून शेकडा पाच-सहांवर आले. बहुमत तेवढेच होते. फरक एका माणसाचा होता.

दुसरा प्रयोग हेन्री ताइफेल यांचा. हे पोलंडमधले ज्यू. महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते, जर्मनांच्या कैदेत पडले. युद्ध संपून परतले तेव्हा त्यांचे कुटुंब उरले नव्हते. पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात काम करताना त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : माणसांत भेदभाव निर्माण व्हायला किमान किती कारण पुरते? त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पडद्यावर ठिपके दाखवून अंदाज करायला लावले आणि ‘ठिपके जास्त मोजणारे’ व ‘कमी मोजणारे’ असे दोन गट पडल्याचे सांगितले. खरे तर गट कसेही पाडले होते. मुलांनी आपल्या गटातल्यांची तोंडेही पाहिली नव्हती. मग प्रत्येकाला दोन अनोळखी मुलांमध्ये गुण वाटायला दिले. त्या गुणांचे पैसे मिळणार होते. एक मुलगा आपल्या गटातला, एक दुसऱ्या गटातला. स्वतःला काहीच मिळणार नव्हते.

१९७० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. समजा, एका टोकाला ‘आपल्याला १९, त्यांना २५’ असा पर्याय आहे, मध्ये ‘दोघांना १३-१३’ आहे आणि दुसऱ्या टोकाला ‘आपल्याला ७, त्यांना १’. आपल्या गटाचे भले पाहायचे तर १९ घ्यावेत. पण मुलांचा कल ७ आणि १ असलेल्या बाजूकडे होता. आपल्याला किती मिळाले यापेक्षा त्यांच्याहून किती जास्त मिळाले, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. पुढे १९७३ साली ताइफेल आणि त्यांचे सहकारी मायकेल बिलिग यांनी गट नाणेफेकीने पाडले आणि तसे मुलांना उघड सांगितलेही. तरीही झुकते माप दिसलेच.

तिसरा प्रयोग मुझफर शेरीफ यांचा. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांची उन्हाळी छावणी भरवली. दोन गट केले, त्यांत बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणे, खोल्यांवर धाडी सुरू झाल्या. नुसते एकत्र जेवायला बसवून भांडण मिटेना, उलट अन्नाची फेकाफेक झाली. मग पाण्याची टाकी बंद पाडली, मालमोटार ‘बिघडली’. दोन्ही गटांनी मिळून हात लावल्याशिवाय सुटणार नाहीत अशी कामे निघाली, तेव्हा कुठे वैर ओसरले.

या प्रयोगावरही टीका झाली आहे आणि ती विद्यार्थ्यांना सांगावी. आदल्या वर्षी, १९५३ साली शेरीफ यांनी अशीच छावणी दुसरीकडे भरवली होती. तिथे मुलांना आधी एकमेकांशी मैत्री करू दिली होती. नंतर मोठ्यांनी लावालावी केली तरी मुले भांडेनात. आपल्याला कोणीतरी लढवू पाहत आहे, याचा त्यांना संशय आला. शेवटी ती छावणी गुंडाळावी लागली. म्हणजे ‘माणूस जात्याच टोळीवाला’ असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. गट पाडणे सोपे आहे. पण त्या गटांना एकमेकांवर सोडायला बहुधा कोणीतरी लावून देणारा लागतो, आणि आधीची मैत्री त्याच्या आड येते.

हुशार मुलेही?

‘मूर्ख, अडाणी, गरीब मुले अशा नादी लागतात’ हा आणखी एक समज. अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर आणि यित्का मालेचकोव्हा यांनी २००३ साली या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरिबी किंवा कमी शिक्षण आणि दहशतवाद यांचा थेट संबंध त्यांना फारसा आढळला नाही. दहशतवाद्यांचा असा एखादा ठरावीक मनोविकारही संशोधकांना सापडलेला नाही.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी तर जपानचे उदाहरण विसरू नये. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ‘ओम् शिन्रिक्यो’ या पंथाच्या लोकांनी सरीन हे विषारी रसायन सोडले. डझनाहून अधिक माणसे मेली, हजारोंना बाधा झाली. गाड्यांमध्ये प्रत्यक्ष सरीन सोडणाऱ्या पाच जणांपैकी एक हृदयशल्यविशारद होता आणि तिघे उपयोजित भौतिकी किंवा भौतिकशास्त्र शिकलेले होते. सूत्रे पाठ असणे आणि शंका घेता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विज्ञानाचा पेपर सोडवता येणाऱ्या मुलाला ‘हे कशावरून?’ असे आपल्या गुरूला, नेत्याला, मित्रांच्या कंपूला विचारता येतेच असे नाही. ते वेगळे शिकवावे लागते.

मग ओढ असते ती कशाची? निरनिराळ्या अभ्यासांतून चार गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात.

एक, आपलेपणा. कोणीतरी नावाने हाक मारते, वाट पाहते. वयात येताना ही भूक सर्वांत मोठी असते.

दोन, आपण कोणीतरी आहोत ही जाणीव. मानसशास्त्रज्ञ आरी क्रुग्लान्स्की यांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. अपमान झालेल्या, अपयश आलेल्या किंवा नुसत्याच कंटाळलेल्या तरुणाला ‘इतिहास तुझी वाट पाहतोय’ असे कोणी म्हटले, तर त्याचा परिणाम होतो.

तीन, सोपी उत्तरे. नोकरी का नाही, शेती का बुडते, जग असे का आहे, या प्रश्नांची खरी उत्तरे गुंतागुंतीची असतात. अतिरेकी विचार एका वाक्यात उत्तर देतो : ‘त्यांच्यामुळे.’

चार, खरी दुखणी. यावर आपण अनेकदा पांघरूण घालतो. अशा गटांच्या प्रचारात पुष्कळदा एखादा खरा अन्याय असतो. तो खरा आहे म्हणूनच प्रचार पटतो. खोटे असते ते निदान आणि त्याहून घातक असते ती चिकित्सा.

या चारांपैकी पहिल्या दोन गोष्टी वाईट नाहीत, उलट चांगल्याच आहेत. दहीहंडीचे पथक, कबड्डीचा संघ, लेझीमपथक, शाळेचे नाटक यांतही त्याच मिळतात. शिस्त, गणवेश, घोषणा हेही सगळीकडे असते. तेव्हा ‘गट म्हणजे धोका’ असे मुलांना शिकवू नये. धोका कुठे सुरू होतो, ते दाखवावे.

ठाम, जहाल आणि अतिरेकी

इथे मराठी शाळांमध्ये शब्दांचा एक घोटाळा होतो. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आपण मवाळ आणि जहाल असे दोन गट शिकवतो. १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेसमध्ये फूट पडली ती यांच्यात. लोकमान्य टिळकांच्या या जहाल गटाला इंग्रजी पुस्तकांत जो शब्द वापरतात, तोच शब्द आज वर्तमानपत्रांत दहशतवादी टोळ्यांसाठी येतो. मुले गोंधळतात. आणि प्रश्न रास्तच आहे : समाजाच्या विरुद्ध जाणारे सगळेच अतिरेकी का?

१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले त्या काळच्या बहुमताच्या पार विरुद्ध होते. त्यांनी तडजोड केली नाही. पण त्यांचा आग्रह कोणालातरी माणूस म्हणून आत घेण्याचा होता, कोणाला बाहेर काढण्याचा नव्हता. म्हणून मत किती टोकाचे आहे हे मोजण्यापेक्षा मुलांच्या हाती तीन प्रश्न द्यावेत :

१) या विचारात काही माणसांना जन्मावरूनच कमी, घाण किंवा शत्रू ठरवले आहे का?

२) आत शिरल्यावर प्रश्न विचारता येतो का? सोडून जाता येते का?

३) ध्येय मोठे म्हणून माणसांना इजा करणे योग्य ठरवले जाते का?

तिन्हींची उत्तरे मुलांनी स्वतः काढावीत. आणि हे प्रश्न कोणत्याही रंगाच्या, धर्माच्या, पक्षाच्या विचाराला तितकेच लावावेत, स्वतःच्या आवडत्या विचारालाही. शिक्षकाने ते एकाच बाजूला लावले, तर मुलांना ते लगेच कळते आणि पुढचे सगळे फुकट जाते.

वर्गात करण्यासारखे

पुढचे उपक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहेत. प्रत्येकाला एक तास पुरेल.

*चिठ्ठ्यांचे गट.* मुलांसमोर उघडपणे चिठ्ठ्या काढून दोन गट करा, ‘क’ आणि ‘ख’. गट चिठ्ठीने पडले हे सगळ्यांना माहीत असू द्या. फसवण्याची गरज नाही. मग प्रत्येकाला कागदावर पुढील पर्यायांतून एक निवडायला सांगा. पहिला आकडा आपल्या गटातल्या कोणालातरी मिळणारे गुण, दुसरा दुसऱ्या गटातल्या कोणालातरी : ७–१, ९–५, ११–९, १३–१३, १५–१७, १७–२१, १९–२५. नावे न घालता चिठ्ठ्या गोळा करा, फळ्यावर स्तंभालेख काढा. कल कोणत्याही बाजूला निघो, चर्चेला भरपूर मिळते. १९ सोडून ७ का घेतले? गट तर दहा मिनिटांपूर्वी चिठ्ठीने पडला होता! १३–१३ निवडणाऱ्यांनी काय विचार केला? दोन पथ्ये पाळा. प्रत्यक्ष खाऊ किंवा परीक्षेचे गुण वाटू नका, आणि गट कधीही जात, धर्म, भाषा, वाडी-वस्ती यांवरून पाडू नका. तास संपण्यापूर्वी गट मोडून मुलांना मिसळून बसवा.

*मी कधी उठलो असतो?* ‘तिसऱ्या लाटे’चे पाच दिवस एकेक करून वाचून दाखवा. प्रत्येक दिवसानंतर थांबा आणि मुलांना वहीत लिहू द्या : आज यात मला काय आवडले असते? आज काय खटकले असते? मी उठून गेलो असतो का? शेवटी उत्तरे ओळीने पाहिली की मुलांच्या लक्षात येते, एकही पायरी आधीच्या पायरीहून फार उंच नव्हती. ताठ बसण्यापासून मित्राची चुगली करण्यापर्यंतचे अंतर तीन दिवसांत कापले गेले. पायऱ्या लहान असतात, हे ध्यानात येणे हीच या तासाची कमाई.

*लस टोचणे.* विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात दाखवले की एखाद्या मतावर पुढे हल्ला होणार असेल, तर त्या मताची नुसती भलावण ऐकलेल्या माणसांपेक्षा विरोधी युक्तिवादाचा सौम्य नमुना आणि त्याचे खंडन आधीच पाहिलेली माणसे जास्त टिकून राहतात. लसीचेच तत्त्व. अलीकडे अतिरेकी प्रचाराबाबतही असे प्रयोग झाले आहेत आणि त्यांतून उपयोग दिसला आहे. लसीप्रमाणेच हा परिणामही काळाने ओसरतो, म्हणून वर्षातून एकदा करून भागत नाही. वर्गात असे करता येईल : मुलांनी एका काल्पनिक, निरर्थक गोष्टीसाठी प्रचारपत्रक तयार करायचे. समजा, ‘डावीकडून भांग पाडणाऱ्यांमुळे गावाचे वाटोळे झाले’. त्यात पुढील युक्त्या वापरायच्या : एखादे खरे दुखणे घेणे, सगळा दोष एका गटावर टाकणे, ‘ते’ किड्यांसारखे वाढत आहेत असे म्हणणे, वेळ फार थोडा उरला आहे अशी घाई करणे, शंका घेणाऱ्याला गद्दार ठरवणे. मुले हसत हसत पत्रके लिहितात. मग सांगावे, आता आठवडाभर मोबाइलवर येणारे संदेश, भिंतीवरचे फलक, भाषणे यांत यांतली कोणती युक्ती दिसते ते टिपून आणा.

*पहिले वाक्य.* ॲश यांच्या साथीदाराची गोष्ट सांगून विचारा : सगळे एका बाजूला असताना पहिला वेगळा शब्द कसा उच्चारायचा? वीरश्रीची भाषणे नकोत. मुलांच्या तोंडी बसतील अशी वाक्ये त्यांनीच शोधावीत. “थांब, हे कुणी सांगितलं?” “मला नाही पटत, पण तू बोल.” “त्याला हसायचं कशाला?” जोडीजोडीने ती म्हणून पाहावीत. वर्गात एकदा तोंडातून निघालेले वाक्य बाहेर निघणे सोपे जाते.

शिक्षकाने पाळायची बंधने

नाझी राजवटीनंतर पश्चिम जर्मनीत शाळेत राजकीय विषय कसे शिकवावेत, यावर बरीच वर्षे वाद चालला. १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावी भिन्न मतांचे शिक्षणतज्ज्ञ जमले आणि त्यांच्या चर्चेतून तीन तत्त्वे निघाली. ती आजही तिथे मानली जातात. शिक्षकाने आपले मत मुलांवर लादू नये. समाजात ज्या गोष्टीवर मतभेद आहेत, ती वर्गातही मतभेदाची म्हणूनच मांडावी. मुलाला आपली स्वतःची परिस्थिती आणि हित तपासून त्याबाबत काही करता यावे, इतके त्याला सक्षम करावे. आपल्या कामालाही ही तत्त्वे लागू पडतात. अतिरेकापासून मुलांना वाचवण्याच्या भरात आपणच घोषणा, शपथा आणि ‘प्रश्न विचारू नका’ यांवर आलो, तर ‘तिसरी लाट’ आपल्याच हातून सुरू होते.

आणि वर्गातच एखादा मुलगा किंवा मुलगी उठून म्हणाली, “त्या लोकांना हाकललंच पाहिजे,” तर? पहिली ऊर्मी येते ती गप्प करण्याची, नाही तर चारचौघांत लाज काढण्याची. दोन्हींनी नुकसान होते. तो मुलगा वर्गातून उठून नेमका जिथे त्याच्या पाठीवर हात ठेवतात तिथे जातो. तरीही ज्या मुलांबद्दल ते बोलले गेले, ती त्याच वर्गात बसलेली असतात. त्यांच्यासमोर शिक्षकाने मोघम राहता कामा नये. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. वर्गात स्पष्टपणे, आवाज न चढवता सांगावे की या वर्गात कोणाच्या इथे असण्याच्या हक्कावर मतदान होत नाही. आणि नंतर त्या मुलाशी एकट्याने बोलावे : “तुला असं का वाटतं? कुठे ऐकलंस? घरी सगळं ठीक आहे ना?” उत्तर ऐकून घ्यावे, मध्येच तोडू नये. बरेचदा वाक्य दुसऱ्याचे असते, दुखणे मात्र त्याचे स्वतःचे असते. कोणाला इजा करण्याची ठोस भाषा, शस्त्रे किंवा बेत यांचा उल्लेख आला, तर ही गोष्ट एकट्या शिक्षकाने पोटात ठेवायची नाही. मुख्याध्यापक, पालक आणि गरज पडली तर पोलीस यांच्यापर्यंत ती त्याच दिवशी गेली पाहिजे.

एरवी आपल्या हातात रोजचे एक साधे काम असते. मधल्या सुट्टीत कोण एकटा डबा खातो, कोणाला संघात कधीच घेत नाहीत, कोणाचे नाव वर्गात फक्त रागावतानाच घेतले जाते, याची नोंद ठेवणे. वर्गातली कामे वाटताना, प्रयोगाचे गट पाडताना त्या मुलांना आठवणीने जबाबदारी द्यावी आणि दर वेळी गट बदलते ठेवावेत. पालो अल्टोच्या त्या मुलाला चळवळीने जे दिले, ते एखाद्या सोमवारी त्याच्या शाळेलाही देता आले असते.